वेरूळ आणि अजिंठा : दोन प्रेक्षणीय स्थळांच्या लौकिकाचा इतिहास

महाराष्ट्रातील प्रेक्षणीय स्थळांची यादी कोणीही करावयास बसला, तर वेरूळ आणि अजिंठा ही दोन नावे तो एका दमात उच्चारतो. देशोदेशींचे प्रवासीही ही दोन्ही स्थळे एकाच सफरीत पाहून जातात. इ. स. १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत भारतातील जी पहिली स्थळे दाखल झाली, त्यांत ही दोन्ही होती. ह्या नित्याच्या जोडउच्चारामुळे एक समजूत नकळत दृढ झाली आहे. दोन्ही स्थळांचा लौकिक एकाच जातीचा असून तो त्यांच्या कलासौंदर्यातून आपोआप निर्माण झाला, अशी ती समजूत होय. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीची थोडी तपासणी करावयाची आहे. लेण्यांच्या शिल्पाविषयी व चित्रांविषयी विपुल लेखन झाले आहे. ती पाहावयास कोण, केव्हा आणि कशासाठी जात असे, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागे पडला आहे. वास्तविक स्थळाच्या इतिहासात निर्मात्यांइतकाच प्रेक्षकांचाही वाटा असतो.

प्रथमच लक्षात येणारी गोष्ट अशी की, वेरूळच्या लेण्यांना नावे आहेत आणि अजिंठ्याच्या लेण्यांना केवळ अंक आहेत. वेरूळास कैलास आहे, दशावतार आहे, रामेश्वर आहे, रावण की खाई, सीतेची नहाणी, तीन थाल, इंद्रसभा, जगन्नाथसभा आणि सुताराचे झोपडे आहे. अजिंठ्यास पहिले लेणे, दुसरे लेणे, सोळावे, सतरावे असेच म्हणावे लागते. वेरूळच्या लेण्यांनाही पुढे १ ते ३४ असे अंक देण्यात आले. परंतु ते जुन्या नावांच्या शेजारी येऊन बसले, नावे हटली नाहीत. अजिंठ्यास हटविण्याजोगे नावच उरलेले नव्हते. तेथील अंक एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन ह्या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने लावलेल्या क्रमातून आले आहेत. नाव हे स्मृतीचे चिन्ह असते आणि अंक हा नोंदणीचा. ह्या एका भेदातच दोन्ही स्थळांच्या भिन्न इतिहासाचे सूत्र सापडते.

१

वेरूळचा लौकिक निर्मितीच्या काळापासून अखंड चालत आलेला आहे. कैलास लेण्याचे श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्यास दिले जाते. हा राजा आठव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आरंभी राज्य करीत होता. त्याच्यानंतर अर्धे शतकही लोटले नव्हते, तोच शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ मधील कर्क सुवर्णवर्षाच्या बडोदे ताम्रपटात एलापूरच्या पर्वतावरील ह्या मंदिराचे वर्णन आले. देवांनाही ते पाहून विस्मय वाटला आणि प्रत्यक्ष शिल्पकारासही आपण हे कसे घडविले ह्याचे नवल वाटले, असा त्या वर्णनाचा आशय आहे. ताम्रपट हा दानाचा कागद. त्यात राजवंशाच्या स्तुतीला स्थान असते. त्या स्तुतीत एका पाहण्याजोग्या वास्तूचा एवढा गौरव यावा, ही गोष्ट तिच्या तत्कालीन कीर्तीची साक्ष देते.

यादवकाळात ही कीर्ती मराठी वाङ्मयात उमटली. महानुभाव पंथाचा आद्य ग्रंथ जे ‘लीळाचरित्र’, त्यात चक्रधरस्वामींच्या एळापूर येथील दीर्घ वास्तव्याचा वृत्तान्त आहे. तेराव्या शतकात संन्यस्तांना व प्रवाशांना हे स्थळ परिचयाचे होते, हे त्यावरून दिसते. पुढे चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’त स्वामींच्या चरणस्पर्शाने पवित्र झालेल्या जागांची पद्धतशीर टिपणे आली. अमुक स्थान गावाच्या कोणत्या दिशेस आहे, दार कोणीकडे आहे, शेजारी काय आहे, अशा तपशिलांमुळे हा लहानसा ग्रंथ मराठीतील स्थळवर्णनाचा एक अत्यंत जुना नमुना ठरतो. श्रद्धाळूला त्या जागी नेऊन पोहोचविणे हा त्याचा हेतू. आजच्या प्रवासी-मार्गदर्शिकेचे काम तो त्या काळी करीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तेराव्या शतकात जैनांचाही वेरूळशी संबंध तुटलेला नव्हता. तेथील डोंगरावर पार्श्वनाथाची जी भव्य मूर्ती आहे, तिच्यावरील लेखात शके ११५६, म्हणजे इ. स. १२३४–३५ ह्या काळाचा निर्देश असून चक्रेश्वर नावाच्या दात्याचे नाव आहे. अर्थात मुख्य जैन लेणी खोदून झाल्यावर तीनएकशे वर्षांनीही येथे नवे दान होत होते.

देवगिरीचे राज्य लयास गेल्यावर प्रेक्षक बदलले, पण प्रेक्षण थांबले नाही. फिरिश्ता हा सतराव्या शतकाच्या आरंभीचा इतिहासकार देवळदेवीच्या पकडले जाण्याची हकीकत सांगतो. अल्पखानाच्या सैन्यातील काही शिपाई रजा घेऊन वेरूळची लेणी पाहावयास गेले असता, देवळदेवीस देवगिरीकडे नेणारी तुकडी त्यांना अवचित भेटली, असे तो म्हणतो. ही घटना १३०६–०७च्या सुमाराची आणि सांगणारा तीनशे वर्षांनंतरचा. तेव्हा तिचा तपशील जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु मोहिमेवरील शिपाई केवळ पाहण्याच्या हौसेने लेण्यांकडे जातात, हे फिरिश्त्यास स्वाभाविक वाटले आणि त्याच्या वाचकांसही ते खटकणार नव्हते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने एवढी गोष्ट पुरेशी आहे.

पुढे सतराव्या शतकात झां द तेव्हनो ह्या फ्रेंच प्रवाशाने दख्खनमधून जाताना वाट वाकडी करून वेरूळ पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. तो १६६७ मध्ये मरण पावला. त्याचा हिंदुस्थानचा वृत्तान्त मरणोत्तर प्रसिद्ध झाला. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास सांगणाऱ्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’ ह्या ग्रंथात साकी मुस्तैदखानाने तर वेरूळचे वर्णन सहलीच्या जागेसारखे केले आहे. सर्व ऋतूंत, आणि विशेषतः पावसाळ्यात डोंगर हिरवा झाला व वरून धबधबा कोसळू लागला म्हणजे लोक तेथे येतात, असे तो सांगतो. ज्या बादशहाच्या धर्मनिष्ठेविषयी इतके लिहिले गेले, त्याच्याच पदरच्या इतिहासकाराने हे लिहावे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ह्याने १७९४ मध्ये वेरूळचा वृत्तान्त लिहिला. तो १७९९ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापला गेला. त्यात आलेली लेण्यांची बहुतेक नावे आजही तेथे ऐकू येतात. ही नावे मॅलेटने दिलेली नव्हेत. त्याने ती तेथील ब्राह्मणांकडून ऐकून उतरून घेतली. शिवाय हे सारे एलु राजाने बांधले, ही परंपरागत कथाही त्याला सांगण्यात आली. ह्या कामात एका मराठी कलावंताचाही हात होता. जेम्स वेल्स ह्या चित्रकाराने पुण्यात येऊन शनिवारवाड्यात चित्रशाळा चालविली, तेव्हा तीत तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट ह्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या संग्रहातील रेखाटनांवरून टॉमस डॅनियल ह्याने १८०३ मध्ये वेरूळचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला आणि युरोपातील रसिकांना ह्या स्थळाचे दर्शन घडले. म्हणजे युरोपीय दृष्टीस वेरूळ पडले तेव्हा तेथे माहिती सांगणारे लोक होते, नावे होती, कथा होत्या आणि चितारणारा एक मराठी हातही होता. ‘शोध लागला’ असे वेरूळविषयी कोणी म्हटले नाही, ह्याचे कारण हेच होय.

२

आता अजिंठ्याकडे वळू. येथील काही लेणी इसवी सनापूर्वीची असून बहुतेक वैभव पाचव्या शतकातील, वाकाटक सम्राट हरिषेण ह्याच्या काळातील आहे. सोळाव्या लेण्यातील लेखात त्याचा मंत्री वराहदेव ह्याच्या दानाचा वृत्तान्त आहे. सातव्या शतकात युआन च्वांग ह्या चिनी यात्रिकाने महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील डोंगरात खोदलेल्या एका विहाराचे वर्णन केले. त्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत आणि तो अचल नावाच्या अर्हताने स्थापिला, असे तो सांगतो. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याचे हत्ती आणि सव्विसाव्या लेण्यातील लेखात आलेले अचल स्थविराचे नाव पाहता, हे वर्णन अजिंठ्याचेच होय असे विद्वान मानतात. सव्विसाव्या लेण्याजवळ राष्ट्रकूटकालीन एक लेखही आहे. ह्यापुढे मात्र लिखित साधने जवळजवळ मौन धरतात. वेरूळविषयी ताम्रपट, पोथी, तवारीख, प्रवासवृत्त अशी साक्षींची मालिका लागते, तर अजिंठ्याविषयी त्याच शतकांत रिकामी पाने हाती येतात.

हे मौन स्थळाच्या दुर्गमतेमुळे पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. नकाशा समोर ठेवला असता हे उत्तर अपुरे वाटते. दख्खनमधून खानदेशात व तेथून बऱ्हाणपुरास जाणारा मोठा रस्ता अजिंठ्याच्या घाटानेच उतरत असे. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर येथे मोगलांच्या काळातील सराई आहे आणि ती लेण्यांपासून काही थोड्या किलोमीटरांवर आहे. सैन्ये, व्यापारी, तांडे ह्यांनी तेथे मुक्काम केले असतील. १८०३च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, तेव्हा वेलस्लीने आपल्या जखमी शिपायांसाठी रुग्णालय अजिंठा गावात उघडले. लेणी तेथून दहा-बारा किलोमीटरांवर; परंतु त्या प्रसंगीच्या कोणा अधिकाऱ्याच्या लेखणीने त्यांची दखल घेतल्याचे प्रसिद्ध नाही. रस्ता होता, पाणी होते, वस्ती होती, मुक्कामाची सोयही होती. तरी वाघोरा नदीच्या त्या अर्धवर्तुळाकार दरीत वळण्याचे कारण मात्र कोणापाशी नव्हते. मोठा रस्ता जवळून गेल्याने स्थळाची कीर्ती टिकतेच असे नाही, हा ह्यातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

मग वेरूळास असे काय होते, जे अजिंठ्यास नव्हते? वेरूळच्या लेण्यांशेजारी घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. मालोजीराजे भोसले ह्यांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात होळकर घराण्याकडून ते पुन्हा उभारले गेले. डोंगराच्या दुसऱ्या बाजूस खुलदाबाद आहे. तेथे चौदाव्या शतकात निवर्तलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब व जैनुद्दीन शिराझी ह्या सूफी सत्पुरुषांचे दर्गे आहेत, आणि १७०७ मध्ये मरण पावलेल्या औरंगजेबाची कबरही तेथेच आहे. तेव्हा यात्रेकरू ज्योतिर्लिंगासाठी येत, मुरीद उरुसासाठी येत, जैन पार्श्वनाथासाठी येत. आणि आले म्हणजे लेणी पाहून जात. लेणी हे बहुतेकांच्या प्रवासाचे मूळ प्रयोजन नसे. पण दरवर्षी परत येण्यास भाग पाडणारे प्रयोजन त्यांच्या शेजारीच नांदत होते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. अजिंठा बौद्धांचा, आणि बौद्ध संघ महाराष्ट्रातून नाहीसा झाला; म्हणून अजिंठ्याचे विस्मरण स्वाभाविक होते, असे कोणी म्हणेल. परंतु वेरूळची पहिली बारा लेणीही बौद्धच आहेत आणि तीही विसरली गेली नाहीत. दहाव्या लेण्यातील बुद्धमूर्तीस सुतार लोक विश्वकर्मा मानून नमस्कार करू लागले. त्या चैत्याच्या छतावरील दगडी वासे पाहून त्यांना आपलाच व्यवसाय आठवला, ह्यात नवल नाही. त्यामुळे ते ‘सुताराचे झोपडे’ झाले. कार्ल्यास चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवी आहे आणि कोळी व इतर समाजांतील भक्त तेथे दरवर्षी येतात. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या एका बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती बसला आणि ते स्थान अष्टविनायकांत गणले गेले. नाशिकची लेणी पांडवांची झाली. ह्या सर्व ठिकाणी मूळ धर्म गेला, मूळ अर्थ विसरला गेला. परंतु नव्या देवतेने किंवा नव्या कथेने जागा राखली. ऐतिहासिक दृष्टीने ह्या कथा चुकीच्या आहेत, हे खरे. तथापि ज्या स्थळास चुकीची का होईना पण एखादी कथा मिळाली, ते लोकांच्या जाण्यायेण्यात राहिले. अजिंठ्यास अशी कथा, असा उत्सव, असा हक्कदार पुजारी लाभला नाही. दरीत लेण्यांलगत गाव वसले नव्हते आणि जवळपास असे कोणतेही क्षेत्र नव्हते, हे ह्याचे एक संभाव्य कारण दिसते.

३

मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी ह्या दरीत आला. तो वाघाच्या शिकारीस निघाला होता असे सांगतात. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली, आणि ती अक्षरे आजही तेथे आहेत. ह्या प्रसंगास ‘अजिंठ्याचा शोध’ असे म्हणण्याचा प्रघात पडला असून शालेय पुस्तकांपासून प्रवासी पत्रकांपर्यंत तो सर्वत्र आढळतो. हा शब्द कितपत यथार्थ आहे, हे पाहिले पाहिजे.

लेण्यांच्या माथ्यावरील पठारावर एक लहानसे गाव आहे. त्याचे नाव लेणापूर. गावांची नावे कोणा पाहुण्याच्या येण्याने पडत नाहीत, ती तेथे राहणाऱ्यांच्या तोंडी रुळलेली असतात. ज्या गावाच्या नावातच लेणे आहे, त्या गावच्या लोकांना लेणी ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? स्मिथला लेण्यांची दिशा एका गुराख्याच्या मुलाने दाखविली, अशी दंतकथा प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो, दाखविणारा अगोदर होता आणि पाहणारा नंतर आला, हा तिचा मथितार्थ नाकारण्याजोगा नाही. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी भिंतींवर काजळीचे थर पाहिले, आणि ते तेथे उतरणाऱ्या बैरागी-गोसाव्यांच्या शेकोट्यांचे असल्याचे नमूद केले. म्हणजे लेणी माणसांवाचून पडलेली नव्हती. लिहिणाऱ्या माणसांवाचून पडलेली होती.

येथे ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक, स्थळाच्या अस्तित्वाचे ज्ञान. दुसरे, त्याच्या अर्थाचे ज्ञान. पहिले ज्ञान लेणापूरकरांस होते, स्मिथने ते त्यांच्याकडून घेतले. दुसरे ज्ञान १८१९ मध्ये स्मिथपाशी नव्हते आणि लेणापूरकरांपाशीही नव्हते. ते पुढे अनेकांच्या श्रमाने हळूहळू मिळाले. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने अशोककालीन ब्राह्मी लिपीचे वाचन सिद्ध केले. फर्ग्युसनने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६३ मध्ये अजिंठ्याच्या लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी वाकाटकांच्या लेखांचे पुनर्वाचन करून १९५७ मध्ये मराठीत त्या राजवंशाचा इतिहास लिहिला, तेव्हा कोठे सोळाव्या व सतराव्या लेण्यांचे दाते आपल्या वाचकांस ओळखीचे झाले. ‘शोध’ हा शब्द वापरावयाचाच असेल, तर तो ह्या दीर्घ परिश्रमास लावणे योग्य. १८१९ मध्ये जे घडले ती नोंद होय. नोंदीचेही महत्त्व आहेच; तीवाचून पुढचे काही झाले नसते. परंतु नोंद करणारा तो शोधक आणि वाट दाखविणारा तो कोणीच नव्हे, असा जो न्याय ह्या शब्दाने होतो, तो इतिहासकाराने पत्करू नये.

४

नोंद झाल्यावर अजिंठा झपाट्याने प्रेक्षणीय झाला. लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर ह्याने १८२४ मध्ये तेथे भेट दिली आणि त्याचा वृत्तान्त १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. सतराव्या लेण्याच्या ओवरीतील भवचक्र पाहून आलेल्यांना ते राशिचक्र वाटले आणि त्या लेण्यास काही काळ ‘राशिचक्राचे लेणे’ म्हणण्यात आले. नाव देण्याचा हा प्रयत्न टिकला नाही, अंकच टिकला. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल ह्याने अनेक वर्षे अजिंठ्यास राहून चित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती केल्या; त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्म झाल्या. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी १८७२ ते १८८५ ह्या काळात पेस्तनजी बोमनजी व इतर विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. १८९६–९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन खंड निघाले. १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्या, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकार त्यांच्या समवेत होते, आणि ह्या मुक्कामाचा परिणाम बंगालच्या चित्रकलेवर झाला. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापिले. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी ह्यांचे अजिंठ्यावरील चार खंड १९३० ते १९५५ ह्या काळात प्रसिद्ध झाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. ते आपल्या पदरचे कलावंत घेऊन अजिंठ्यास गेले आणि १९३२ मध्ये त्यांचे अजिंठ्यावरील पुस्तक निघाले.

ह्या गौरवाच्या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. स्मिथच्या कोरलेल्या नावाशेजारी इतर नावांची भर पडत गेली. १८२८च्या सुमारास एका युरोपीय अभ्यासकाने मुंबईच्या संग्रहासाठी सतराव्या लेण्यातील आकृती भिंतीवरून सोलून काढण्याचा उद्योग केला, आणि त्या चित्रांचा चुरा झाला. रंगांचे तुकडे आठवण म्हणून नेणारे पाहुणेही होते. प्रतिकृती करताना चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर रोगण लावण्यात आले. ते पुढे पिवळे पडले आणि मूळ रंग त्याखाली झाकले गेले. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेकोनी व काउंट ओर्सिनी ह्या तज्ज्ञांना बोलावून सुटू लागलेला गिलावा पक्का करविला. पण त्यांनी वापरलेल्या लाखेच्या द्रावणाचाही पुढे काळसर थर चढला. सद्भावनेने केलेल्या कामाचाही असा परिणाम झाला.

ह्यावरून एक विचार मनात येतो आणि तो टाळून चालणार नाही. वेरूळचे कैलास लेणेही एके काळी रंगविलेले होते. त्यास ‘रंगमहाल’ असेही म्हणत. आज त्या रंगांचे काही अवशेष तेवढे छतांवर व कोपऱ्यांत दिसतात. शतकानुशतके माणसे आली, राहिली, दिवे लावले, चुली पेटविल्या. उघड्या जागी ऊनपावसाचाही मारा झाला. वेरूळच्या अखंड लौकिकाची ही किंमत होय. उलट, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आज आपल्याला दिसतो, तो बऱ्याच अंशी त्याच्या विस्मरणामुळे. अजिंठ्यास एखादी जागृत देवता लाभली असती, वर्षातून दोन यात्रा भरल्या असत्या, तर नाव टिकले असते. चित्रे टिकली असती की नाही ह्याविषयी शंका आहे. हजार वर्षांच्या उपेक्षेने चित्रांचे जेवढे रक्षण केले, त्याच्याशी तुलना करता नंतरच्या दीडशे वर्षांच्या आस्थेने त्यांना पोहोचविलेली इजा थोडी म्हणता येणार नाही.

ह्याचा अर्थ लोकांनी अजिंठ्यास जाऊ नये असा नव्हे. जी वस्तू कोणी पाहत नाही तिच्या रक्षणासाठी झगडणाराही कोणी नसतो, हेही तितकेच खरे. आता फर्दापूरजवळच्या फाट्यावर खाजगी गाड्या थांबवून प्रवाशांना वेगळ्या बसने लेण्यांपर्यंत नेले जाते आणि आतील उजेड मंद ठेवला जातो. चित्रे नीट दिसली नाहीत अशी तक्रार करीत बाहेर पडणारे प्रवासी तेथे नेहमी भेटतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, तो अपुरा उजेड ही त्या चित्रांच्या आयुष्याची तरतूद आहे.

सारांश, स्थळाचा लौकिक हा त्याच्या सौंदर्याचा सरळ परिणाम नसतो. सौंदर्य दोन्हीकडे होते. लौकिक एकीकडे बाराशे वर्षे चालत आला आणि दुसरीकडे खंडित होऊन नव्याने निर्माण झाला. वेरूळची स्मृती ज्योतिर्लिंगाच्या यात्रेकरूंनी, दर्ग्याच्या मुरीदांनी, जैन दात्यांनी, महानुभाव पोथीकारांनी, मूर्तीला विश्वकर्मा म्हणणाऱ्या सुतारांनी आणि पावसाळ्यात धबधबा पाहावयास येणाऱ्या हौशी मंडळींनी राखली. अजिंठ्याची स्मृती लेणापूरच्या नावात तेवढी उरली, आणि नंतर ग्रंथांनी व प्रतिकृतींनी ती जगभर पसरविली. एकीस लोकांची स्मृती म्हणावे, दुसरीस ग्रंथांची. दोहोंपैकी कोणतीही एकटी पुरेशी नाही. लोकस्मृतीने कैलास जपला, पण त्याचा कर्ता कोण हे सांगण्यासाठी ताम्रपटच वाचावा लागला. ग्रंथस्मृतीने अजिंठा जगाला दिला, पण वाट दाखविणाऱ्याचे नाव नोंदविण्याचे तिला सुचले नाही.

आपल्या भागातील प्रेक्षणीय स्थळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ह्यातून एक कार्यपद्धती सुचते. लेखांचे ठसे घ्यावेत, मोजमापे घ्यावीत, शैलींची तुलना करावी. आणि त्याचबरोबर भोवतालच्या गावांची नावे, लेण्यांना व टेकड्यांना गुराखी काय म्हणतात ते, जत्रांच्या तिथी आणि जुन्या वाटा ह्यांचीही टिपणे करावीत. महाराष्ट्रात शेकडो लेणी आहेत आणि त्यांतील पुष्कळशी अद्याप एखाद्या अंकानेच ओळखली जातात. त्यांपैकी काहींची नावे पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवरील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून असतील. ती लिहून घेण्याचे काम ह्या पिढीने केले नाही, तर पुढच्या पिढीस ते करता येणार नाही.